काय डोंगार, काय हाटील, आणि चांदी

२०२२ च्या जूनपासून सांगोल्याच्या माणसाला महाराष्ट्रात कुठंही गेलं तरी एक वाक्य ऐकावं लागतं. तुम्ही ओळखलंच असेल. आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर कार्यकर्त्याशी बोलले, आणि 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' घराघरांत पोचलं. पुण्यात एका रिक्षावाल्यानं मला गाव विचारलं. मी सांगोला म्हटल्यावर मीटर टाकायच्या आधी त्यानं 'मग, समदं ओक्केमधी का?' असं विचारलं. लोक हसतात, आपणही हसायचं. पण एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्याकडं डाळिंबाची बाग सोडली तर बाभळी, माळ आणि कोरडी माणगंगा. असल्या मुलखातला माणूस झाडी नि डोंगर बघून हरखतो, यात खोटं काहीच नाही.

मीही हरखलो होतो. फक्त माझा डोंगर जरा लांबचा होता.

लेक आणि जावई अमेरिकेत डेन्व्हरला असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं तिकडं गेलो. 'पप्पा, आल्यासारखं एकदा स्की करून बघा,' असं लेकीनं ठरवूनच टाकलं होतं. मी एकोणसाठ वर्षांचा, आयुष्य चांदीच्या भट्टीपुढं गेलेलं. बर्फ म्हणजे लग्नातल्या सरबताच्या पिंपातला, एवढीच ओळख. तरी हो म्हणालो, कारण ती ज्या गावाला नेणार होती त्याचं नाव ऐकलं होतं. ॲस्पेन. हे गाव चांदीच्या खाणीवर उभं राहिलं, एवढं कुठंतरी वाचलं होतं. गलाईवाल्याला तेवढं पुरतं.

(गलाई म्हणजे काय, हे नव्या पिढीतल्या पुतण्या-भाच्यांसाठी सांगतो. सराफाकडची मोड, जुने दागिने, दुकानातला केरकचरा घ्यायचा, मुशीत आटवायचा, तेजाबात घालून हीण वेगळं काढायचं आणि चोख सोनं-चांदी परत द्यायची. खानापूर, आटपाडी, सांगोला या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं या धंद्यात देशभर पसरली. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत कुठल्याही सराफकट्ट्यावर जाऊन मराठीत हाक मारा, कोणीतरी ओ देतंच.)

निघायच्या आदल्या दिवशी सौ.नं बॅगेत घोंगडं भरलं. लेक म्हणाली, 'आई, अगं जॅकेट आहेत ना सगळ्यांना!' सौ. म्हणाली, 'जॅकेट तुमचं. घोंगडं माझं.' विषय संपला.

डेन्व्हरहून ॲस्पेन चार तासांचं. उन्हाळ्यात जवळचा घाट असतो, हिवाळ्यात तो बंद, म्हणून वळसा घालून जावं लागतं. मध्ये एक बोगदा अकरा हजार फुटांवर आहे. आपलं कळसूबाई ५४०० फूट. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं की बोगद्याचं तोंड येतं. त्यानंतर कोलोरॅडो नदीच्या दरीतून रस्ता जातो आणि ग्लेनवुड स्प्रिंग्ज नावाच्या गावी वळतो. मुक्काम आम्ही तिथंच केला, कारण ॲस्पेनमधल्या एका रात्रीच्या खोलीचं भाडं ऐकून मी जावईबापूंना दोनदा विचारलं, 'महिन्याचं ना?' तिथून ॲस्पेन आणखी चाळीस मैल.

ॲस्पेन हे एका झाडाचं नाव आहे. पांढऱ्या खोडाचं, सरळसोट, थंडीत एक पान नाही. डोंगरभर नुसत्या पांढऱ्या काठ्या रोवल्यासारखं दिसतं. म्हणजे झाडी झाली, डोंगर झाला. हाटील पुढं येईलच.

गावाच्या डोक्यावर जो मुख्य डोंगर आहे तिथं नवशिक्याला काम नाही. सगळे उतार अंगावर येणारे. शिकाऊ लोकांसाठी गावाबाहेर दुसरा डोंगर आहे, त्याचं नाव बटरमिल्क. म्हणजे ताक! सौ.ला हे इतकं आवडलं की त्या दिवसभर ती 'आपण ताकावर चाललोय' असंच म्हणत होती. फ्रीडल फायफर नावाच्या ऑस्ट्रियातून आलेल्या स्कीपटूनं १९५८ साली हा डोंगर खास नवख्यांसाठी उघडला. या फायफरची गोष्ट पुढं येते.

स्कीचे बूट ज्यानं शोधले त्याला कधी चालायचं नसावं. दोन्ही पाय सिमेंटच्या घमेल्यात घालून वर कुणी कड्या आवळल्यात असं वाटतं. माझा सहा वर्षांचा नातू ते बूट घालून पळत होता आणि मी जावयाचा खांदा धरून. आमच्या वर्गात सहा जण, सगळे माझ्याहून लहान. शिकवणाऱ्या बाई मात्र साठीच्या पुढच्या असाव्यात. तोंड उन्हानं रापलेलं, आमच्याकडच्या मेंढरामागं फिरणाऱ्या म्हातारीसारखं. त्यांनी पहिल्यांदा पडायला शिकवलं. आधी पडायचं कसं, मग उठायचं कसं, मग पुढचं. मला ही पद्धत पटली. आमच्या धंद्यात पण पोराला आधी भाजल्यावर काय करायचं ते सांगतात, चिमटा नंतर देतात.

मग 'पिझ्झा'. दोन्ही पट्ट्यांची टोकं पुढं जवळ आणायची, मागं फाकवायची, त्रिकोण करायचा, की वेग कमी होतो. लहान पोरांना कळावं म्हणून पिझ्झा म्हणतात. पट्ट्या सरळ समांतर ठेवल्या की 'फ्रेंच फ्राईज', आणि माणूस सुटला! उतारावर भरल्या गाडीचा बैल जसा मागच्या पायांवर रेटा घेतो, तसंच काहीतरी पिझ्झात करायचं असतं. हे मला लगेच कळलं. कळणं आणि पायांना कळणं यात मात्र अंतर.

सरकत्या पट्ट्यावर उभं राहून थोडं वर जायचं आणि घसरत खाली यायचं. पहिल्या खेपेला मी बसलो. दुसऱ्या खेपेला बसलो. तिसऱ्या खेपेला एका पाच वर्षांच्या पोरीला चुकवायला गेलो आणि आडवा झालो. तिनं वळून माझ्याकडं असं बघितलं, की माझ्या सगळ्या सासुरवाडीनं मिळून तसं बघितलं नव्हतं. बाई येऊन म्हणाल्या, 'तुम्ही भीतीनं मागं झुकताय. मागं झुकलं की पट्ट्या तुमच्या राहत नाहीत. उताराकडं झुका.' मी मनात म्हटलं, बाई, शेतकऱ्याच्या पोराला विहिरीच्या कडेला मागंच झुकायला शिकवतात.

दुपारी केव्हातरी जमलं. पुरते दीडदोनशे फूट मी उभाच खाली आलो. रात्री यंत्रानं बर्फ दाबून ठेवलेला असतो, त्यावर बारीक रेघा असतात, थेट पाभरीच्या तासांसारख्या. त्या तासांवरून पायाखाली खर्र आवाज येत होता, डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी येत होतं आणि मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. लेक म्हणते, 'पांडुरंगा'. जावई म्हणतात, वेगळंच काहीतरी होतं. :-)

मग मात्र धाप लागली. आठ हजार फूट उंची आणि आमची छाती तेजाबाच्या धुरात मुरलेली. सौ. खाली बाकावर घोंगडं पांघरून बसली होती. तिच्या शेजारी जाऊन बसलो. एक बाई येऊन घोंगड्याला हात लावून गेली, आणि ही कुठल्या दुकानात मिळते असं लेकीला विचारून गेली. सौ.नं लेकीकडं नुसतं बघितलं.

आता रात्रीबद्दल.

या गावात रात्र दुपारी साडेतीनला सुरू होते. लिफ्ट बंद व्हायला लागल्या की माणसं ते सिमेंटचे बूट घातलेलीच खाली उतरतात आणि थेट गुत्त्यात शिरतात. याला तिकडं फ्रेंच नाव आहे, 'आप्रे-स्की', म्हणजे स्कीनंतरचं. काहींचं तर आधीचं काही नसतंच, नुसतं नंतरचंच असतं. संध्याकाळी जावईबापू दमलेल्या नातवाला घेऊन मुक्कामी परत गेले आणि लेक आम्हा दोघांना गाव दाखवायला घेऊन निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या विटांच्या इमारती, खाली जगातली महागातली महाग दुकानं, झाडांवर दिवे. फरचे कोट घातलेल्या बाया, गळ्यात हात टाकून गाणारी पोरं, एका दारातून गिटार तर दुसऱ्या दारातून नुसता धडधडाट. आणि आमची सौ., गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला मफलर, 'रामकृष्णहरी' पुटपुटत बर्फावरून जपून पाऊल टाकतेय. पंढरपूर आमच्यापासून बत्तीसेक किलोमीटर. आमच्याकडं रात्री जागायचं तर एकादशीला भजनात, नाहीतर यात्रेत तमाशाला. दुसऱ्याबद्दल तिच्यापुढं बोलायचं नसतं.

मग हाटील. 'हॉटेल जेरोम'. १८८९ साली जेरोम व्हीलर नावाच्या न्यूयॉर्कच्या धनिकानं बांधलं. त्याच साली त्यानं गावात नाट्यगृहही बांधलं, ते आजही चालू आहे. हॉटेलात खाली जुना बार आहे. तिथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे 'क्रड' नावाचं पेय. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा बारचा सोडा फाउंटन झाला, आणि ओळखीचं गिऱ्हाईक आलं की व्हॅनिला मिल्कशेकमध्ये बूर्बाँ व्हिस्की मिसळून मिळायची. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या कॅम्प हेलवर डोंगरी लढाईचं शिक्षण घेणारे सैनिक सुटीला इथं येऊन हेच प्यायचे. ते टेन्थ माउंटन डिव्हिजनचे सैनिक पुढं इटलीत लढायला गेले. १९४५ च्या त्याच वसंतात, त्याच इटलीत आपले मराठेही होते. नामदेव जाधवांना सेनियो नदीकाठच्या ९ एप्रिलच्या लढाईतल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फायफर त्याच डिव्हिजनमधला. इटलीत जबर जखमी झाला, परत आला, आणि शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेपकी यांच्याबरोबर १९४६ साली त्यानं स्कीची कंपनी काढली. १९४७ च्या जानेवारीत डोंगरावर खुर्च्यांची लिफ्ट सुरू झाली, तेव्हाची जगातली सगळ्यात लांब.

लेकीनं आमच्यासाठी दोन क्रड मागवले, व्हिस्की न घालता. म्हणजे आइस्क्रीम घुसळलेलं दूध. बाहेर शून्याखाली थंडी आणि आम्ही आइस्क्रीम खातोय. मी माळकरी नाही, पण सौ. शेजारी असली की असतो.

त्या बारमध्ये बसून मी लेकीला विचारलं, 'खाणी बंद का पडल्या गं? चांदी संपली का?'

तिनं मोबाइलवर शोधलं आणि वाचायला लागली. चांदी संपली नव्हती. भाव पडला होता. १८७९ साली इथं पहिले खाणवाले आले. तेव्हा ही भूमी यूट लोकांची होती, दोनच वर्षांत त्यांना हाकलून दिलं. दहा-बारा वर्षांत गाव दहा हजारांवर गेलं. अमेरिकेचं सरकार तेव्हा कायद्यानं बांधलेलं होतं, दर महिन्याला ४५ लाख औंस चांदी विकत घ्यायचं. १८९३ च्या नोव्हेंबरात तो कायदा रद्द झाला आणि गाव बसलं. १९३० च्या सुमारास इथं सातशे माणसं उरली होती. व्हीलरचं स्वतःचं दिवाळं १९०१ साली वाजलं. यातही दैवाची चेष्टा बघा. १८९४ साली, म्हणजे सगळं बुडाल्यावर, इथल्या स्मगलर खाणीत चांदीचा इतका मोठा गोळा सापडला की तो फोडल्याशिवाय बाहेर काढता येईना. त्यातला एक तुकडाच १८४० पौंडांचा, म्हणजे आठशे किलोंच्या वर.

'पण पप्पा, थांबा,' लेक म्हणाली. 'खाणी नोव्हेंबरच्या आधीच बंद पडायला लागल्या होत्या. जूनमध्ये. आणि कारण काय लिहिलंय माहितीये? इंडिया.'

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण खरं होतं. आपल्याकडं तोवर कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जायचा आणि त्याचे रुपये पाडून आणायचा. २६ जून १८९३ ला सरकारनं एका बैठकीत कायदा करून हे दार लावलं. जगातल्या चांदीचं एवढं मोठं गिऱ्हाईक उठून गेलं म्हटल्यावर अमेरिकेत भाव चार दिवसांत औंसाला ऐंशी सेंटच्या वरून बासष्टवर आला, आणि महिना संपायच्या आत कोलोरॅडोतल्या खाणींचे भोंगे बंद पडू लागले.

आणि ती बैठक कुठं झाली? सिमल्याला. लॉर्ड लॅन्सडाउनचं सरकार उन्हाळ्याला डोंगरावर गेलं होतं. म्हणजे हेसुद्धा डोंगरातलं हौशी लोकांचं गाव. तिथंही गेटी थिएटर १८८७ पासून चालू होतं, नाटकं व्हायची, नाच व्हायचे. त्या सोमवारी कायदा पास करून साहेब लोक संध्याकाळी माल रोडवर फिरायला गेले असतील, रात्री कुणी नाटकाला गेलं असेल. आणि जगाच्या पलीकडच्या डोंगरात एक खाणमजूर सकाळी डबा घेऊन खाणीच्या तोंडाशी गेला असेल आणि दार बंद बघून उभा राहिला असेल. त्याला कुणी सांगितलं असेल का सिमला कुठं आहे?

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. कारण मला माझे वडील दिसायला लागले.

तात्यांचं गलाईचं दुकान गुंटूरला होतं. १९७९ मध्ये चांदी वाढायला लागली ती थांबेना. लोक घरातली भांडी, वाळे, कमरपट्टे मोडायला आणू लागले. तात्यांनी भावकीतून, गावातून, व्याजानं, मिळेल तिथून पैसे उचलले आणि मोड घेत राहिले. विहिरीलगतचं चार एकर गहाण पडलं. लगडी करून ठेवल्या. अजून वाढेल म्हणाले. १९८० च्या मार्चमध्ये मी सांगोल्यात दहावीची परीक्षा देत होतो आणि त्याच महिन्यात भाव कोसळला. फर्स्ट क्लास मिळाला, पण कॉलेज नाही. मामाकडं सेलमला जाऊन भट्टीपुढं बसलो. सेलम पैंजणांचं गाव, तिथं चांदीला तोटा नव्हता. तेजाबानं माझी बोटं पिवळी व्हायला पंधरवडाही लागला नाही.

जायच्या आदल्या रात्री मी तात्यांना म्हणालो होतो, 'तुमच्या हावेनं माझी शाळा खाल्ली.' सोप्यात आई होती, चुलते होते, दोन देणेकरीही बसले होते. पंधरा वर्षांचं पोर असं बोललं आणि कुणी मला गप्प केलं नाही, तात्यांनी पण नाही.

ते परत गुंटूरला गेले नाहीत. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, राहिलेल्या माळावर मटकी, बाजरी पेरली. शेवटपर्यंत एक सवय मात्र होती. कुणी शिकलेला माणूस घरी आला, मास्तर, बँकवाला, कुणीही, की त्याला विचारायचे, 'आवं, ह्यो भाव ठरतो कुठं?' लोक हसायचे. मला राग यायचा. वाटायचं, स्वतःची चूक झाकायला म्हातारा भावाचं नाव पुढं करतोय. २००६ मध्ये ते गेले. ते वाक्य मी परत घेतलं नाही.

त्याचं उत्तर मला चाळीस वर्षांत शोधता आलं असतं, हे लिहायला लाज वाटते. मी धंद्यात होतो, भावाचा कागद रोज वाचत होतो. टेक्सासच्या हंट बंधूंचं नावही कानावर होतं. तेलाच्या पैशानं गब्बर झालेले हे दोघे भाऊ जगातली चांदी गोळा करत सुटले होते. १९७९ च्या सुरवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी १९८० च्या जानेवारीत पन्नासच्या घरात गेली. मग न्यूयॉर्कच्या बाजारानं नियम बदलले, उधारीवर घेणं अवघड केलं, आणि २७ मार्चला भाव अकराच्या खाली होता. हे सगळं मला सुटं सुटं माहीत होतं. ते तात्यांच्या प्रश्नाला कधी जोडून बघितलं नव्हतं. जोडलं असतं तर ते वाक्य परत घ्यावं लागलं असतं.

आता तात्यांची हाव नव्हतीच असं मी म्हणणार नाही. होती. चार एकर गहाण टाकायला कुणी हंट आला नव्हता. पण व्हीलरची पण होती, आणि त्याचं नाव अजून नाट्यगृहावर आहे.

लेक विचारत होती, 'काय झालं पप्पा, छाती दुखतेय का?' मी म्हटलं, उंचीमुळं. सौ.नं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. तात्यांना जेवायला वाढणारी तीच होती.

साडेदहाच्या पुढं आम्ही परतीची बस पकडली. आणि ॲस्पेनची खरी रात्र मी त्या बसमध्ये पाहिली. आतापर्यंत रस्त्यावर दिसलेलं एकही माणूस त्यात नव्हतं. भांडी घासणारे, खोल्या झाडणाऱ्या बाया, लिफ्ट चालवणारी पोरं. बहुतेक स्पॅनिश बोलणारी. या गावात काम करायचं आणि चाळीस मैल खाली, कुणी त्याच्याही पलीकडं, राहायचं. निम्मे जण खिडकीला डोकं टेकून झोपलेले. माझ्या शेजारी बसलेला पोरगा पेरू देशातला, इंजिनियरिंगला शिकणारा. त्यांच्याकडं तेव्हा उन्हाळ्याची सुटी असते, तेवढ्या दिवसांत पैसे मिळवायला आलेला. दोन खोल्यांत सहा जण राहतात म्हणाला. त्याची बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती. सेलमला आम्ही दुकानातच झोपायचो, भट्टी विझली की तिच्या उबेला, सात जण. मी त्याला लेकीकरवी विचारलं, स्की करतोस का? तो हसला. तिकीट दिवसाला दोनशे डॉलरच्या वर आहे. पण कामगारांना पास मिळतो म्हणाला, सुटी असली की जातो, आता बऱ्यापैकी येतं. 'तुम्ही?' त्यानं विचारलं. मी म्हटलं, 'आजच शिकलो. पिझ्झा.' तो एवढा मोठ्यानं हसला की पुढचा एक जण जागा झाला.

बस गावाबाहेर पडताना मी मागं वळून पाहिलं. काळ्या डोंगरावर पाच-सहा दिवे सावकाश वरखाली फिरत होते. बर्फ दाबणारी यंत्रं. सकाळच्या गिऱ्हाइकांसाठी रात्रभर कुणीतरी तास पाडत होतं.

मार्चमध्ये परत आलो. आईचं वय आता नव्वदीला टेकलंय, पण कान शाबूत आहेत. सोप्यात तिच्या खाटेशी बसून मी तिला सगळं सांगितलं. बर्फ सांगितला, ताकाचा डोंगर सांगितला. मग चांदीचं गाव, सिमला, ते दोघे भाऊ. तात्या विचारायचे ना, भाव ठरतो कुठं, त्याचं उत्तर मिळालं, असं म्हणताना माझा आवाज लागला. त्या रात्रीचं बोलणंही काढलं. चव्वेचाळीस वर्षांनी.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'त्या गावातली माणसं गेली कुठं मग?'

'बरीचशी गेली. जी ऱ्हायली त्यांनी गुरं पाळली, बटाटं लावलं.'

'बटाटं,' ती म्हणाली. 'तुझ्या बापानं मटकी लावली. ऐंशीच्या साली चांगली आलीवती मटकी. तू नव्हतास, सेलमला होतास.'

मग तिनं सौ.ला हाक मारून विचारलं, घोंगडं परत आणलंस का तिकडंच लेकीला दिलंस?